बार लीगसाठी पोकर चिप्स: वजन बघू नका, हिशोब मांडा

दुकानात ५०० चिप्सची ॲल्युमिनियमची पेटी समोर येते. वर ‘१४ ग्रॅम, क्ले कंपोझिट’ असं लिहिलेलं असतं. लीग सुरू करणारा माणूस एक चिप हातात तोलून बघतो, जड लागली की पैसे काढतो. बार लीगच्या खरेदीत सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. रात्री अकराच्या आत चार टेबलं संपवायची असतील, तर कुठल्या किमतीच्या किती चिप्स आहेत आणि त्या बारच्या अंधुक उजेडात ओळखू येतात का, हे आधी बघायला हवं. वजनाचा नंबर खूप नंतर लागतो.

इथे बार लीग म्हणजे अमेरिकेतल्या बारमध्ये किंवा ऑस्ट्रेलियातल्या पबमध्ये चालते तशी: प्रवेश फुकट, पैशांऐवजी गुण, आठवड्यातून एक रात्र, महिनोन् महिने चालणारा हंगाम. तिकडे राहणारी मराठी मंडळीही अशा लीगमध्ये खेळतात, भरवतातही. महाराष्ट्रात हे करायचा विचार असेल तर थांबा. राज्यात १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि बारच्या परवान्याच्या अटी वेगळ्याच असतात, त्यामुळे चिप्स मागवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

आधी मोजणी, मग दुकान

उलटीकडून सुरुवात करा. खेळाडू किती, वेळ किती आणि ब्लाइंड (प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायची छोटी आणि मोठी रक्कम) कुठून कुठे जाणार, हे कागदावर आलं की चिप्सची संख्या आपोआप निघते. उदाहरण म्हणून ३२ खेळाडू, आठ-आठ जणांची चार टेबलं आणि पावणेतीन तास धरू.

बऱ्याच लीग २५/५० च्या ब्लाइंडने आणि १०,००० च्या स्टॅकने, म्हणजे प्रत्येकाला तेवढ्या किमतीच्या चिप्स देऊन, सुरुवात करतात. प्रत्येकाला २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १,००० च्या ७, अशा २७ चिप्स. यात चूक काही नाही. पण २५ ची चिप तीन-चार लेव्हलनंतर (ब्लाइंड वाढण्याचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक लेव्हल) निरुपयोगी होते. तेवढ्यासाठी २५० हून जास्त चिप्स विकत घ्यायच्या, वाहून न्यायच्या, आणि वर खेळ थांबवून त्या गोळा करायच्या. कमी खर्चात भागवायचं असेल तर २५ ची चिप सरळ काढून टाका.

त्याऐवजी १००/२०० ने सुरुवात करा आणि प्रत्येकाला २०,००० द्या. मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट स्टॅक झाला, म्हणजे एका संध्याकाळच्या खेळाला भरपूर. वाटणी अशी: १०० च्या १०, ५०० च्या ६, १,००० च्या ६ आणि ५,००० च्या २. बेरीज २०,०००, चिप्स २४. बत्तीस जणांना १०० च्या ३२०, ५०० च्या १९२, १,००० च्या १९२ आणि ५,००० च्या ६४ लागतात.

१०० च्या दहा का? पहिल्या चार लेव्हलमध्ये (१००/२००, २००/४००, ३००/६००, ४००/८००) सतत शंभराची मोड लागते. माणशी आठाच्या खाली गेलात की प्रत्येक हाताला (डावाला) कोणीतरी ‘पाचशेचे सुटे आहेत का?’ विचारत बसतं. एका सुट्याला वीस-तीस सेकंद जातात, आणि लेव्हल पंधरा मिनिटांचीच असते. दहाच्या वर दिल्या तरी फायदा नाही, फक्त चळती उंच दिसतात.

चौथ्या लेव्हलनंतर १०० च्या चिप्स बाद करायच्या. ५००/१,००० ची लेव्हल झाली की ५०० च्याही. पुढे १,०००/२,०००, २,०००/४,०००, ३,०००/६,०००, ५,०००/१०,०००, १०,०००/२०,०००. दहा लेव्हल, पंधरा मिनिटांची एक, म्हणजे अडीच तास. मधली विश्रांती आणि चिप्स बदलणं धरून पावणेतीन. शेवटच्या लेव्हलला टेबलावर एकूण ६,४०,००० असतात, म्हणजे जेमतेम बत्तीस मोठे ब्लाइंड. त्यापुढे खेळ फार लांबत नाही.

आता बदलीच्या चिप्स. १०० च्या ३२० चिप्सचे ३२,००० होतात आणि ५०० च्या १९२ चे ९६,०००. एवढी रक्कम मोठ्या चिप्समध्ये परत द्यायची आहे. सगळी ५,००० मध्ये दिली तर २६ लागतात. मूळच्या ६४ धरून ९०, म्हणून शंभर घ्या. शंभराच्या चिप्स बदलताना १,००० च्याही थोड्या लागतात. शिवाय बऱ्याच लीगमध्ये वेळेवर येणाऱ्याला १,००० ची एक चिप बक्षीस देतात, त्या ३२ धराव्या लागतात. पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत मागवायचं धरलं तर यादी अशी होते:

१०० च्या ३५०
५०० च्या २२५
१,००० च्या २५०
५,००० च्या १००

एकूण ९२५. २५ ची चिप ठेवली असती तर याच हिशोबाने आकडा अकराशेच्या आसपास गेला असता. दोन टेबलांची लीग असेल तर हे आकडे निम्मे करा, फक्त ५,००० च्या साठाखाली आणू नका.

बाजारातल्या तयार ५०० च्या पेटीत नेमकी इथेच गडबड असते. ती घरगुती रोख खेळासाठी भरलेली असते: पांढऱ्या दीडशे, लाल दीडशे, बाकीचे तीन-चार रंग थोडे थोडे. अशा दोन पेट्या घेतल्या तर हजार चिप्स होतात, पण त्यातल्या तीन-चारशे कधीच टेबलावर येत नाहीत आणि हव्या त्या रंगाच्या पन्नास कमी पडतात. रंगवार सुट्या विकणाऱ्याकडूनच घ्या. चिपमागे एखाद-दोन सेंट जास्त गेले तरी एकूण बिल कमीच येतं.

कशाच्या बनलेल्या

अगदी पातळ, एकमेकांत खाचेने बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिप्स दिवाळीतल्या तीन पत्तीला चालतात, लीगला नाही. दोन-तीन ग्रॅमच्या असल्यामुळे चळत धक्क्याने कोसळते आणि ओल्या टेबलाला त्या चिकटून बसतात.

त्यानंतर येतात साडेअकरा ते चौदा ग्रॅमच्या, कडेला फासे किंवा पत्त्यांची चिन्हं उठवलेल्या चिप्स. यांना ‘क्ले कंपोझिट’ म्हणून विकतात, पण बाहेरून प्लॅस्टिक असतं आणि आत धातूची चकती. वजन त्या चकतीचं. कॅसिनोतल्या खऱ्या दाबून बनवलेल्या क्ले चिप्स साडेआठ ते दहा ग्रॅमच्याच असतात, त्यांच्या आत धातू नसतो. जड म्हणजे कॅसिनोसारखी हा समज विक्रेत्यांनी रुजवलेला आहे. अमेरिकेत या चिप्स साधारण १२ ते २० सेंटला एक पडतात.

चायना क्ले नावाने मिळणाऱ्या चिप्स दहा ग्रॅमच्या आसपास असतात, आत धातू नाही, पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि मधे छापील लेबल. किंमत ढोबळ २५ ते ४५ सेंट. त्या घसरत नाहीत, चळत सरळ राहते, आवाज खणखणीत न येता मऊ येतो. बार लीगसाठी पैसा आणि टिकाऊपणा यांचा मेळ इथे सगळ्यात चांगला बसतो.

सिरॅमिक चिप्सवर कडेसकट हवं ते छापून मिळतं, लेबल निघण्याचा प्रश्नच नाही. पण एकीला साठ सेंट ते डॉलरच्या वर मोजावे लागतात. ९२५ चिप्सचा हिशोब १५ सेंटने सुमारे १३९ डॉलर, ३५ सेंटने ३२४ आणि ८० सेंटने ७४०. बारमालकाने किंवा प्रायोजकाने वाटा उचलला तर सिरॅमिकचा विचार करा, नाहीतर नको. परदेशातून थेट छापून आणत असाल तर हेही लक्षात घ्या: अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी आयात शुल्काची माफी २०२५ मध्ये बंद झाली. शुल्क धरूनच तुलना करा.

जुन्या चिप्सचा पर्याय विसरू नका. २००३ साली ख्रिस मनीमेकरने वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि अमेरिकेत घरोघरी पोकर सुरू झाला. तेव्हा विकत घेतलेल्या पेट्या अजून गॅरेजमध्ये पडून आहेत आणि कवडीमोलाने मिळतात. अडचण एकच, दोन पेट्या एकाच जाडीच्या क्वचित असतात.

जाडीचा प्रश्न

खेळाडू समोरच्याचा स्टॅक मोजतात तो उंचीवरून. आपली चळत त्याच्या चळतीला लावली की झालं. चिपची जाडी ३.३ मिलिमीटर असेल तर वीस चिप्सची चळत ६६ मिलिमीटर भरते. ३.१ ची असेल तर ६२. फरक चार मिलिमीटर, म्हणजे एका अख्ख्या चिपपेक्षा जास्त. दोन प्रकारच्या चिप्स मिसळल्या की कोणीतरी एकोणीस चिप्स वीस समजून सरकवतो, कधी एकवीस, आणि वाद स्पर्धा चालवणाऱ्या डायरेक्टरच्या गळ्यात पडतो. त्यामुळे सगळ्या किमतींच्या चिप्स एकाच उत्पादकाच्या, एकाच साच्याच्या घ्या आणि जादाच्या चिप्स पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा. वर्षाने मागवलेल्या गठ्ठ्यात रंगाची छटाही बदललेली असू शकते.

नमुने मागवा आणि बारमध्येच तपासा

बहुतेक विक्रेते प्रत्येक रंगाची एक अशी नमुना पाकिटं थोडक्या पैशात देतात. ती घरी ट्यूबलाइटखाली बघू नका. ज्या टेबलावर खेळ होणार तिथे, ज्या वेळी होणार त्या वेळी, दिवे असतील तसे ठेवून बघा.

काचेच्या किंवा गुळगुळीत टेबलावर चिप ठेवून कडेला टिचकी मारा. भिंगरीसारखी फिरली तर तिचा मध्यभाग फुगीर आहे. अशा चिप्सची चळत डोलते आणि वरची चिप आपोआप सरकते. दोन्ही बाजू तपासा, कारण बऱ्याचदा एकच बाजू फुगलेली असते. नखाने कड चाचपून पाहा. साच्याच्या जोडावर प्लॅस्टिकची धार राहिली असेल तर चिप्स नीट बसत नाहीत आणि टेबलावरचं फेल्टचं कापडही खरवडतं. मग बोट ओलं करून लेबल घासा, कोपऱ्यात नख घालून उचकटायचा प्रयत्न करा. सोनेरी छापील आकडे असतील तर जास्त जोरात घासा. ते काही महिन्यांतच पुसट होतात. शेवटी विक्रेत्याकडून एकाच रंगाच्या वीस मिळत असतील तर त्यांची चळत लावून हलका धक्का द्या. नव्या चिप्सवर कारखान्यातलं तेल असू शकतं, त्यामुळे कापडाने पुसून पुन्हा एकदा बघा.

रंग

अमेरिकन स्पर्धांमधली रूढ मांडणी अशी: २५ हिरवी, १०० काळी, ५०० जांभळी, १,००० पिवळी, ५,००० केशरी. खेळाडूंना हीच सवय असते, म्हणून उगाच बदलू नका. पण बारच्या पिवळट दिव्याखाली ती जशीच्या तशी चालत नाही. गडद जांभळी आणि काळी एकच दिसतात, केशरी आणि पिवळीत गोंधळ होतो. म्हणून ५०० साठी फिकट जांभळी, लव्हेंडरकडे झुकणारी छटा घ्या. ५,००० साठी केशरीऐवजी लाल चालते; रोख खेळात लाल म्हणजे पाच, त्यामुळे डोक्यात पटकन बसते.

लालमध्ये मात्र एक धोका आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला लाल-हिरव्याचा रंगदोष असतो, आणि त्यातल्या काहींना लाल रंग जवळजवळ काळा दिसतो. १०० आणि ५,००० ची गल्लत म्हणजे पन्नासपट चूक. यावर उपाय कडेवर आहे: लाल चिपच्या कडेला रुंद पांढरे ठिपके असलेलं डिझाइन निवडा, काळीची कड साधी ठेवा. चळत लावल्यावर समोरच्याला फक्त कडच दिसते, त्यामुळे रंगाइतकंच महत्त्व कडेच्या ठिपक्यांना द्या.

आकडा छापलेली चिप घ्या. बिनआकड्याच्या चिप्सना हवी ती किंमत देता येते हे खरं, पण लीगमध्ये दर आठवड्याला कोणीतरी नवखा येतो आणि ‘पिवळी कितीची?’ हा प्रश्न रात्रभर चालू राहतो. डॉलरचं चिन्ह मात्र नको. टेबलावर ‘$१००’ लिहिलेल्या चिप्सचा ढीग बघितला की परवाना तपासणारा अधिकारी पैशांचा खेळ समजणार, आणि बारमालक हे कधीच चालवून घेणार नाही. नुसता आकडा आणि खाली ‘नो कॅश व्हॅल्यू’, एवढं पुरेसं आहे.

स्वतःचं लेबल लावायचं असेल तर

बिनआकड्याच्या, मधे खोलगट जागा असलेल्या चिप्स स्वस्त मिळतात आणि त्यावर लीगचं नाव व आकडा असलेलं लेबल चिकटवता येतं. खोलगट भाग आधी मोजा. बहुधा एक इंचाच्या आसपास असतो, पण अर्ध्या मिलिमीटरचा फरकही महाग पडतो. लेबल खोलगट जागेपेक्षा थोडं लहान हवं, कडेवर चढलं की पहिल्याच महिन्यात सुटतं. कागदी लेबल आणि इंकजेटची शाई नको, बिअरच्या ओल्या हाताने शाई पसरते. लेझर प्रिंटरवर चालणारं विनाइलचं किंवा तशाच प्लॅस्टिकचं, वरून पारदर्शक थर असलेलं लेबल घ्या. ९२५ चिप्सना दोन्ही बाजूंनी मिळून १,८५० लेबलं लागतात. एक इंची ६३ गोल असलेलं पान घेतलं तर तीस पानं. चार-पाच जास्तीची ठेवा. चिकटवण्याआधी प्रत्येक चिप आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून सुकू द्या. वर सांगितलेलं तेल तसंच राहिलं तर कितीही चांगलं लेबल निघून येतं.

या कष्टाचा खरा उपयोग सुरक्षिततेसाठी आहे. फाशांच्या कडेच्या बिनछापील चिप्स कोणीही ऑनलाइन घेऊ शकतो आणि खिशातून टेबलावर आणू शकतो. जानेवारी २०१४ मध्ये ॲटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत मोठ्या स्पर्धेत बनावट चिप्स सापडल्या आणि २७ खेळाडू उरलेले असताना स्पर्धा थांबवावी लागली. तिथे तर कॅसिनोच्या स्वतःच्या चिप्स होत्या. बार लीगमध्ये रोख बक्षीस नसलं तरी हंगामाच्या अंतिम फेरीची जागा पणाला लागलेली असते. सगळ्यांवर लेबल लावायला वेळ नसेल तर निदान ५,००० च्या शंभरांवर लावा. खेळ संपल्यावर अंतिम टेबलावरची एकूण रक्कम मोजण्याची सवय ठेवा: ६,४०,००० आणि वाटलेलं बक्षीस. चिप्स बदलताना पडणाऱ्या किरकोळ फरकाहून जास्त भरली तर चिप्स बाहेरून आल्या आहेत.

चिप्स बदलताना

कलर-अपसाठी, म्हणजे लहान चिप्स घेऊन मोठ्या देण्यासाठी, विश्रांतीची वेळ वापरा. प्रत्येकाच्या १०० च्या चिप्स पाच-पाचच्या गटात घेऊन ५०० किंवा दहाला १,००० द्या. उरलेल्या एक ते चार चिप्ससाठी चिप रेस: प्रत्येक सुट्या चिपमागे एक पत्ता, पहिल्या क्रमांकाच्या खुर्चीपासून वाटायचा, आणि मोठ्या पत्त्यांना ५०० ची चिप. २००१ साली सुरू झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांनुसार एका खेळाडूला रेसमध्ये जास्तीत जास्त एकच चिप मिळते आणि रेसमुळे कोणी स्पर्धेतून बाद होत नाही. शेवटची चिप गेलीच तर खेळात असलेली सगळ्यात लहान चिप त्याला द्यावी लागते. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर प्रत्येक वेळी भांडण.

वाहणं, मोजणं, धुणं

९२५ चिप्स दहा ग्रॅमने सव्वानऊ किलो होतात, चौदा ग्रॅमने जवळपास तेरा किलो. दर आठवड्याला गाडीतून बारपर्यंत आणि परत नेणाऱ्याच्या हातांना हा फरक कळतो. पेट्यांच्या बिजागऱ्या आणि मुठी याच वजनाने तुटतात. ॲल्युमिनियमची पेटी घेऊच नका. शंभर चिप्स मावणारे, वीसच्या पाच रांगांचे झाकणवाले प्लॅस्टिकचे रॅक घ्या, दहा पुरतात, आणि ते दोन मजबूत पिशव्यांत विभागून न्या. रॅकचा आणखी एक फायदा म्हणजे हरवलेली चिप लगेच कळते: रांगेत फट दिसली की टेबलाखाली शोधायचं.

सुरुवातीचे स्टॅक घरीच २४ चिप्सच्या छोट्या झिप पिशव्यांत भरून ठेवले तर नोंदणी पंधरा मिनिटांत उरकते. पिशव्या रात्री परत गोळा करायला विसरू नका.

चिप्स वर्षातून दोन-तीनदा धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच कापडाने कोरड्या करा. भिजत घालू नका. आत धातू असलेल्या चिप्सच्या जोडातून पाणी शिरतं आणि चकती गंजते, लेबलांचा गोंद सुटतो. डिशवॉशर कधीच नाही. ॲसिटोन लावलं तर प्लॅस्टिक विरघळतं आणि छपाई जाते.

चिप्सवर वाचलेले पैसे पूर्ण प्लॅस्टिकच्या पत्त्यांवर घाला, प्रत्येक टेबलाला वेगळ्या पाठीचे दोन जोड. कागदी पत्ते बिअरच्या एका सांडण्यात फुगतात, आणि खुणा पडलेल्या पत्त्यांवर खेळण्यापेक्षा त्या रात्रीचा खेळ बंद करणं बरं. एक जोड वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवला की तासाला चार-पाच हात जास्त होतात.